पडद्यामागे कोण? सातवीतले नाट्यखेळ आणि एआय : जून ते सप्टेंबर २०२४ च्या नोंदी

आणखी कुणाला आपल्या शाळेत असं काही करायचं असेल, तर निदान आमच्या चुका तरी वाचायला मिळाव्यात म्हणून हे लिहून ठेवते. शाळा गोव्यातल्या पेडणे तालुक्यातली. पाचवीपासून माध्यम इंग्रजी. मी मराठी शिकवते, आणि गॅदरिंगची नाटकं दरवर्षी माझ्याच गळ्यात पडतात. सातवीचा वर्ग, पट २८. घरी कोकणी-मालवणीची सरमिसळ, पुस्तकं इंग्रजीत, माझ्या तासापुरती मराठी. सामान म्हणजे शाळेचा एक जुना लॅपटॉप, प्रोजेक्टर आणि माझा फोन.

१५ जून, शनिवार

मंगळवारी गोव्याचा क्रांतिदिन (लोहियांनी पोर्तुगीज राजवटीविरुद्ध मडगावला सभा घेतली तो दिवस), आणि मुख्याध्यापकांना पाच मिनिटांची नाटिका हवी. मध्ये रविवार, सोमवारी बकरी ईद. तालमीला दिवसच नाही. फोनवरच्या चॅटबॉटला सांगितलं : १८ जून १९४६, मडगाव, राम मनोहर लोहिया, सातवीची मुलं, पाच मिनिटं. अर्ध्या मिनिटात संहिता हजर. भाषा कशी घोटीव! चार पानं, आठ प्रती, झेरॉक्सचे ३२ रुपये. मुलांना वाटून टाकल्या.

१८ जून, मंगळवार

फसलं, आणि सगळ्या शाळेसमोर फसलं.

संहितेची पहिलीच ओळ, "रखरखीत उन्हात मडगावचं मैदान." बाहेर पाऊस कोसळतोय, सूत्रधार छाती काढून हे वाचतोय, आणि मागच्या रांगेतून आवाज आला, "अठरा जूनाक वोत खंय आसता?" (अठरा जूनला ऊन कुठे असतं?) सगळी प्रार्थनासभा हसली. मुलाचं काही चुकलं नव्हतं. लोहियांची सभाही पावसातच झाली होती.

पुढे आणखी. लोहिया ज्यांच्याकडे असोळण्याला उतरले होते त्या डॉ. जुलियांव मिनेझिस यांचा चार पानांत पत्ताच नाही. पोर्तुगीज अधिकारी मिरांडाने पिस्तूल काढलं, हा नाटकात घ्यावा असा प्रसंग, तोही नाही. त्याऐवजी लोहियांच्या तोंडी बावीस ओळींचं भाषण. लोहिया झालेला मुलगा नवव्या ओळीला अडकला. बाकीचे सात जण त्याच्याकडे बघत उभे, कारण प्रत्येकाला फक्त आपलीच वाक्यं पाठ. सावरून घ्यायला कुणाकडे काही नव्हतंच. शेवटी मी खालून ओरडून प्रसंग पुढे ढकलला.

संहिता न तपासता वाटली, ही माझी चूक. पण रात्री त्याहून दुसरीच गोष्ट टोचत राहिली. आमच्या देवळात जत्रेला दशावतार होतो. नटांच्या हातात कागद नसतो. आज कुठलं आख्यान ते आत ठरतं, आणि रंगलं तर पहाटेपर्यंत बोलतात. ही मुलं आईच्या मांडीवर असल्यापासून ते बघत आलीत. आणि मी त्यांच्या हातात झेरॉक्स दिली.

२२ जून, शनिवार

मुख्याध्यापकांकडून दर शनिवारचे शेवटचे दोन तास मागून घेतले. सत्तर मिनिटं. आज यंत्र नाही, नुसते खेळ.

दशावतारात रंगमंचावर असतं एक बाकडं, आणि तेच सिंहासन, तेच सगळं. म्हणून वर्गाच्या मधोमध बाकडं ठेवलं. प्रत्येकाने येऊन न बोलता ते दुसरं काहीतरी करून दाखवायचं. केरीची फेरीबोट झाली, १०८ची रुग्णवाहिका झाली, गाय झाली, माझं टेबलही झालं. सहा मुली मात्र जागेवरून उठल्याच नाहीत. शेवटी पुतळ्याचा खेळ घेतला : टाळी वाजली की आहे तिथे थिजायचं. त्यात बोलायचं नसतं, एकट्याने पुढेही यायचं नसतं. त्यातल्या चौघी उठल्या.

२९ जून, शनिवार

टीचेबल मशीन हे गूगलचं साधन ब्राउझरमध्येच चालतं, कोड लिहावा लागत नाही. कॅमेऱ्यासमोर नमुने द्यायचे, त्यांना नाव द्यायचं, शिकव म्हणायचं. मी चित्रांचा प्रकार निवडला आणि तीन गट केले : राग, भीती, आनंद. मुलांनी पुतळा करायचा, यंत्राने भाव ओळखायचा. वेबकॅम नवा घेतला, १,२५० रुपये.

नऊ-नऊ मुलांचे गट केले. (एक गैरहजर.) जागा अपुरी म्हणून रागवाले खिडकीपाशी, भीतीवाले फळ्यापाशी, आनंदवाले दाराशी. लॅपटॉप गटागटाकडे फिरवला. शिकणं चालू असताना टॅब बदलू नका अशी सूचना येते, ती पाळा. मी एकदा बदलून बघितलाय. दोन मिनिटांत तयार. खिडकीपाशी रागावून उभं राहिलं की रागाची पट्टी थेट शंभरावर. टाळ्या!

मग एक मुलगी खिडकी बंद करायला गेली, कारण पाऊस आत येत होता. चेहऱ्यावर काही नाही. यंत्र म्हणालं, राग ९८. ती बाजूला झाली. समोर नुसती खिडकी. राग ९९.

"टीचर, खिडकीला राग आलाय."

उरलेली पंचवीस मिनिटं त्यातच गेली आणि मी ती जाऊ दिली. एकाने फळ्यापाशी जाऊन दात काढून हसून दाखवलं, यंत्र म्हणे भीती. दुसऱ्याने दारात कंपास ठेवली, आनंद. यंत्र चेहरे बघतच नव्हतं, मागची भिंत बघत होतं, हे शोधून काढलं ते मुलांनी. मला सांगावं लागलं नाही, आणि खरं म्हणजे मलाही ते त्यांच्यानंतरच कळलं. "आम्ही त्याला जे दाखवलं तेच ते शिकलं" हे वाक्य वर्गातल्याच एकाचं आहे. मी ते फळ्यावर लिहिलं.

घंटेच्या आधी वीज गेली. लॅपटॉपची बॅटरी मेलेलीच आहे. काही जतन केलेलं नव्हतं, सगळे नमुने गेले.

६ जुलै, शनिवार

या वेळी शरीरस्थितीचा प्रकार घेतला. यात यंत्र चित्रातून फक्त अंगावरचे १७ बिंदू धरतं : नाक, डोळे, कान, खांदे, कोपरं, मनगटं, कंबर, गुडघे, घोटे. भिंतीचा प्रश्न मिटतो. दुसरे उभे राहतात :

कॅमेरा वर्गाच्या पार टोकाला न्यावा लागतो, नाहीतर पाय कापले जातात आणि यंत्र ते अंदाजाने कुठेही काढतं. चौकटीत दुसरं मूल आलं की सांगाडा त्याच्या अंगावर उडी मारतो. म्हणून जमिनीवर खडूने चौकोन आखला, आत एकच जण. आणि प्रत्येक भाव सगळ्यांनी द्यायचा, एकाच जागी. याला पस्तीस मिनिटं गेली. रांगेतली मुलं कंटाळून भांडली. पुढच्या वेळी रांगेतल्यांना "आरसा" खेळायला लावीन, म्हणजे समोरच्याची हुबेहूब नक्कल.

पण त्यानंतर जे झालं त्यासाठी तो सगळा व्याप परवडला. खेळ उलटा केला : माणसांना राग दिसला पाहिजे, यंत्राला आनंद. वर्गातल्या सगळ्यांनी आनंद म्हणून हात वर केले होते, त्यामुळे यंत्राच्या लेखी हात वर म्हणजे आनंद. एका मुलाने दोन्ही हात वर करून देवळातल्या गाऱ्हाण्याच्या सुरात शिव्याशाप द्यायला सुरुवात केली (शब्द मराठीच होते, इथे लिहिण्यासारखे नाहीत). यंत्र म्हणालं आनंद ९७.

मग मी विचारलं, राग एकच असतो का? फळ्यावर शब्द जमले : संताप, चीड, त्रागा, रुसवा, फुगणं, तणतण. त्यातले चार निवडून चारांचे पुतळे केले, यंत्राला नव्याने शिकवलं. संताप ओळखला. त्राग्याला संताप म्हणालं. रुसवा त्याला जमेचना, दर वेळी भीती म्हणायचं. एक मुलगी म्हणाली, "दोन्हीत आम्ही अंग चोरतो, पण रुसलेलं माणूस चोरून बघतं, कुणी समजूत काढायला येतंय का." तो डोळ्याच्या कोपऱ्यातून टाकलेला कटाक्ष १७ बिंदूंत बसत नाही. समानार्थी शब्दांचा धडा मी एरवी तक्त्याने शिकवते. या दिवसानंतर निबंधाच्या वहीत "राग आला"च्या जागी दुसरे शब्द येऊ लागले. सगळ्यांच्या नाही, नऊ-दहा जणांच्या.

मागच्या अनुभवाने शहाणी होऊन काम माझ्या ड्राइव्हवर जतन केलं.

१० जुलै, बुधवार

मुख्याध्यापकांनी बोलावलं. मुलांच्या प्रतिमा माझ्या खासगी खात्यावर? बरोबरच आहे त्यांचं. नमुने एरवी त्या संगणकातच राहतात. ड्राइव्हवर मी नेऊन ठेवले. समोर बसून पुसले. पालकांना चिठ्ठ्या पाठवल्या, २६ सह्या आल्या. दोन घरांतून नकार, ते दोघे यापुढे यंत्र चालवणार. हे पहिल्या दिवशी करायला हवं होतं.

१३ जुलै, शनिवार

आवाजाचा प्रकार. खेळ अगडबगड भाषेचा : अर्थ नसलेले शब्द, पण सूर खरा. विनवणी, दरडावणी, चहाडी. इथे यंत्राला आधी आजूबाजूच्या आवाजाचे निदान २० सेकंद द्यावे लागतात, म्हणजे माणूस बोलत नसताना कसं वाटतं ते त्याला कळतं. ते मी गुरुवारीच, मधल्या सुट्टीनंतर रिकाम्या वर्गात नोंदवून ठेवले होते. उघडीप होती.

आज पाऊस. आमच्या वर्गावर पत्रे. यंत्राने कुणी तोंड उघडण्याआधीच जाहीर केलं : दरडावणी. आणि सत्तर मिनिटं तेच म्हणत राहिलं. पत्र्यावरच्या पावसातच पार्श्वभूमी पुन्हा नोंदवली तेव्हा थोडं सुधारलं, तोवर घंटा झाली. जुलैत पेडण्यात आवाजाचा प्रयोग करू नये. नुसता अगडबगड खेळ मात्र यंत्राशिवायही झकास होतो.

२० जुलै, शनिवार

गावातले एक दशावतारी नट आले, मुलं त्यांना मामा म्हणतात. राजाचा पवित्रा घेऊन कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. यंत्र म्हणालं आनंद. राक्षस केला, आनंद. "ह्येका काय कळाक नाय गो बाय." मुलांनीच समजावलं, "मामा, त्याने फक्त सातवीची मुलं बघितलीत." मामांनी तासभर बाकड्यावर बसून शिकवलं ते एवढंच : समोरचा अडकला तर त्याला प्रश्न विचारायचा. प्रश्न विचारला की त्याला बोलावंच लागतं. चहा आणि पाव-भाजी, ११० रुपये.

२७ जुलै, शनिवार

इंग्रज गणितज्ञ ॲलन ट्युरिंगने १९५० मध्ये एक खेळ मांडला होता : लेखी उत्तरांवरून ओळखायचं, पलीकडे माणूस आहे की यंत्र. तो मला मुळातच नाट्यखेळ वाटतो. देवळातला जुना पडदा मागून आणला, वर्गाच्या कोपऱ्यात दोरीवर टांगला. मागे मी, माझा फोन आणि एक मूल. बाहेरून चिठ्ठीवर प्रश्न येतो. एक उत्तर मूल देतं, एक चॅटबॉट. बाहेरच्यांनी ओळखायचं.

फोन माझाच, टाइप मीच करणार. या सेवांना साधारण तेरा वर्षांची अट असते, माझी मुलं बारा वर्षांची. कुणाचं नावही टाइप करायचं नाही असं ठरवलं.

आधी मी उत्तरं वाचून दाखवली. माझ्या आवाजावरून ओळखलं. मग कागदावर लिहून बाहेर दिली, अक्षरावरून ओळखलं. मग दोन्ही उत्तरं मीच एका शाईने लिहिली. तरी यंत्राचं उत्तर लगेच यायचं, मुलाचं दोन मिनिटांनी. मग दोन्ही उत्तरं दोन मिनिटं अडवून ठेवली. तरी लांबीवरून कळायचं, म्हणून पंधरा शब्दांची मर्यादा. एवढं सगळं झाल्यावर खरा खेळ सुरू झाला, आणि तेव्हा थोडाच वेळ उरला होता.

प्रश्न : काल रात्री काय जेवलास? पहिली चिठ्ठी, "आईने ताज्या सुरमईचं कालवण आणि भात केला होता, खूप मजा आली." दुसरी, "सुक्या सुंगटांची किसमूर आणि पेज." वर्ग एका आवाजात, पहिलं यंत्र! का? "टीचर, बंदी आसा मगो." १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत ट्रॉलर समुद्रात जात नाहीत, ताजी सुरमई येणार कुठून? यंत्राला "पेडण्यातल्या बारा वर्षांच्या मुलासारखं बोल" असं मी बजावलं होतं. पुढच्या उत्तरात त्याने "अरे यार, भन्नाट" असं लिहिलं. निकाल : "हो मुंबयचो." (हा मुंबईचा.)

दहा फेऱ्या, नऊ बरोबर.

३ ऑगस्ट, शनिवार

तोच खेळ, दहा फेऱ्या, पाचच बरोबर. यंत्र सुधारलं नव्हतं. मुलं बिघडली होती.

जूनमध्ये जागेवरून न उठलेल्या सहाजणींपैकी जी अजून एकदाही आपणहून पुढे आली नव्हती, ती स्वतःहून पडद्यामागे आली. प्रश्न आला, पाऊस आवडतो का? तिने माझ्या कानात सांगितलं आणि मी लिहिलं : "होय, पाऊस मला आवडतो. याची तीन कारणे आहेत. पहिले कारण म्हणजे निसर्ग." सगळ्या वर्गाने यंत्र म्हणून मत दिलं. पडदा बाजूला करून ती बाहेर आली तेव्हा जो गलका झाला त्याने शेजारच्या वर्गातले सर धावत आले.

त्यानंतर सगळ्यांनाच यंत्र व्हायचं होतं. पुढच्या चार फेऱ्यांत "नक्कीच!", "खूप छान प्रश्न", "थोडक्यात सांगायचे तर". मग मी त्यांना विचारलं, तुमच्या निबंधाच्या वह्यांत असंच असतं की नाही? वर्ग गप्प. एकजण पुटपुटला, "गायडात तशेंच आसता." गाइड घरोघरी आहे. मीही त्यातलेच निबंध वर्षानुवर्षं तपासून बरोबरची खूण करत आलेय, त्यामुळे तो विषय मी तिथेच सोडला.

१७ ऑगस्ट, शनिवार

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, तीन आठवड्यांवर. नवा बेत. इंग्लंडच्या नाट्यशिक्षिका डोरोथी हीथकोट मुलांना तज्ज्ञांची भूमिका देऊन शिकवत. आमची मुलं माटोळीची (चवथीला गणपतीच्या वर फळं-पानं बांधून टांगतात त्या चौकटीची) तज्ज्ञ. यंत्राची भूमिका : पहिल्यांदाच चवथीला गोव्यात आलेला पाहुणा, ज्याला काही माहीत नाही. त्याचे प्रश्न मी प्रोजेक्टरवर दाखवणार, मुलं उत्तरं देणार, मी ती टाइप करणार.

प्रत्येकाने घरून पाच वस्तूंची नावं आणायची होती. कवंडळ, घागऱ्या, तोरिंग, आंबाडे, चिबूड, कांगलां, निरफणस, शिपटं... एकूण ३७ नावं जमली, त्यातली चौदा मला नवी.

यंत्र तिसऱ्या उत्तरालाच भूमिकेतून घसरलं. आम्हालाच शिकवायला लागलं, "माटोळी ही गोव्याच्या समृद्ध परंपरेचे प्रतीक आहे" वगैरे. सूचना बदलली : तुला काहीच माहीत नाही, एका वेळी एकच प्रश्न, आठ शब्दांत, शिकवायचं नाही. तरी दर चार-पाच प्रश्नांनी घसरायचंच. मग एकाच्या हाती झांज दिली. पाहुणा शहाणपणा करू लागला की झांज वाजवायची. गंमत म्हणजे थोड्या वेळाने आपल्यातलं कुणी भूमिकेतून बाहेर पडलं तरी झांज वाजू लागली. मी तोंड घातलं तेव्हा माझ्यावरही वाजली.

मात्र पाहुण्याने एक चांगला प्रश्न विचारला. "हे सगळं टांगता का? खाली का ठेवत नाही?" कुणालाच सांगता येईना. घरी विचारून या म्हटलं. पुढच्या शनिवारी एकोणीस मुलं उत्तर घेऊन आली, आणि तीन आज्यांची उत्तरं एकमेकांच्या अगदी उलटी. वर्गात भांडण लागलं.

३१ ऑगस्ट, शनिवार. पालकसभा.

पंधरा मिनिटांचा प्रयोग, लिखित संहिता नाही. एक बाकडं, वर माटोळीचा रिकामा सांगाडा, आणि पाहुणा. पत्र्यावर पाऊस असणार हे गृहीत धरून यंत्राचा आवाज स्पीकरवरून द्यायचा नाही असं ठरलं होतं. एका मुलाने पाहुणा व्हायचं, फोनवर आलेला प्रश्न वाचायचा. मी विंगेत, म्हणजे कपाटामागे, टाइप करत.

सहाव्या मिनिटाला इंटरनेट गेलं. फोनवर गोल फिरतोय. पाहुणा झालेल्या मुलाने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. हा तोच, जूनमध्ये नवव्या ओळीला अडकलेला लोहिया. फोन कानाला लावून तो म्हणाला, "जरा थांबा हां, मला घरून फोन आलाय," आणि मग पालकांकडे वळून, "आई विचारते, एवढी फळं टांगली, पडलं डोक्यावर तर?" पुढची नऊ मिनिटं पाहुण्याचे सगळे प्रश्न त्याचेच होते. कुणी अडकलं की दुसरा प्रश्न विचारत होता. एक आजी जागेवरून उठून मधे आली आणि कवंडळ कसं बांधतात ते दाखवू लागली; तिलाही त्यांनी सामावून घेतलं. झांज एकदाच वाजली, तीही चुकून.

सभेनंतर दोन पालकांनी माझ्याकडे त्या ॲपचं नाव विचारलं, "काय छान प्रश्न विचारतं" म्हणून. मी खरं काय ते सांगितलं. एकाला पटलं नाही.

२१ सप्टेंबर, शनिवार

चवथीची सुट्टी संपल्यावरचा हिशेब. वेबकॅम १,२५०, एक्स्टेन्शन बोर्ड ३४०, फोनचा जादा डेटा २९८, झेरॉक्स ३२, चहापाणी ११०. एकूण २,०३० रुपये, त्यातले वेबकॅमचे शाळेने दिले. वेळ : दहा शनिवार, त्यातले दीड पावसात आणि अर्धा विजेत वाया. माझी घरची तयारी दर आठवड्याला सुमारे तीन तास, पडद्याच्या खेळाला मात्र जवळजवळ शून्य. कुणाला एकच गोष्ट करून बघायची असेल तर तीच करा. लॅपटॉपही लागत नाही.

कॅमेऱ्याच्या भिंगावर आतून बुरशी धरलीय. कपाटात ठेवताना डब्यात तांदूळ घालायचे राहिले.

पडदा धुऊन, वाळवून देवळात परत दिला. वाळायला पाच दिवस लागले. एका कोपऱ्याला माझ्या शाईचा डाग राहिलाय, तो पुजाऱ्यांना दाखवूनच दिला.